आडनाव आहे, गाव नाही: बेचिराख गावाचा माग कसा काढायचा?

ओढ्यापलीकडे

मंडळी, बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात आहे. आमचं आडनाव 'कर' लागून होतं. म्हणजे गाव हवंच. लग्नपत्रिकेत 'मूळ गाव' म्हणून तेच नाव पिढ्यान्‌पिढ्या छापून येतं, पण ते गाव बघितलेला माणूस आमच्या घरात कोणी नाही. गूगल नकाशावर नाही. २०११ च्या जनगणनेच्या गावयादीत नाही. इंदापूर-दौंडच्या पट्ट्यात कुठेतरी, एवढंच ऐकून आहे. (नाव मुद्दाम देत नाही. भावकीत जमिनीचं प्रकरण चालू आहे आणि भावकी नेटवर आहे.)

आजोबा सांगायचे, पेंढारी आले, गाव जाळलं, राख झाली, म्हणून 'बेचिराख'. गोष्ट संपली. पण परवा आत्याच्या ट्रंकेत एक मोडी कागद सापडला. लांबट, चिकटवून चिकटवून वाढवलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या. आत्या म्हणाली, 'पाटीलकीचा आहे, टाकू नको.' मला मोडी येत नाही. पुढे काय करावं?

गुळाचा चहा

म्हणजे तुम्ही खरोखरचे ओसाड गावचे पाटील! अभिनंदन. सत्काराला कोण येणार तेवढं सांगा.

मोडीवाली

चहावाल्यांची गंमत सोडा. ओसाड गावची पाटीलकी हा विनोद आपल्यासाठी. अठराव्या शतकात लोक तिच्यासाठी पैसे मोजत होते, भांडत होते, दिव्यं करत होते. गाव आज ओस आहे, उद्या वसलं की मान, मानाचं पान, पाटीलकीची इनाम जमीन हे सगळं परत चालू. वतन, म्हणजे पिढीजात हक्क, माणसाला चिकटलेलं असे, घरांना नाही.

आता आजोबांच्या राखेबद्दल. मूळ शब्द 'बेचिराग'. फारसी. 'बे' म्हणजे विना आणि 'चिराग' म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी एकही दिवा लागत नाही ते बेचिराग. मराठीत 'ग'चा 'ख' झाला आणि आपल्या कानाला त्यात राख ऐकू यायला लागली, मग राखेसाठी आग हवी आणि आगीसाठी पेंढारी. निम्म्या महाराष्ट्राच्या 'जाळलं' कथा या एका अक्षरावर उभ्या आहेत असं माझं (वादग्रस्त) मत आहे. दफ्तरात गाव बेचिराग लिहिलंय म्हणजे एवढंच समजायचं की त्या साली तिथे वस्ती नव्हती. का नव्हती ते वेगळं शोधायचं.

कागदाचे फोटो टाका. चिकटवलेल्या लांब पट्टीला बंद म्हणतात. उन्हात धरू नका, टेप तर अजिबात लावू नका. आणि दोन्ही बाजूंचे फोटो. लोक मागची बाजू हमखास विसरतात.

रिठीकर

आमच्या विदर्भात याला 'रीठ' म्हणतात. नागपूर-वर्ध्याकडे जनगणनेच्या यादीत गावाच्या नावापुढे कंसात सरळ 'रिठी' लिहिलेलं सापडते. वस्ती शून्य, पण मौजा (महसुली गाव) कायम, नकाशा वेगळा, सातबारे वेगळे. लहानपणी आम्ही रिठावर सीताफळं तोडाले जात होतो, ते मेलेलं गाव आहे हे मोठेपणी समजलं. महाराष्ट्रात अशी बिनवस्तीची महसुली गावं २०११ च्या यादीत अडीच हजारांहून जास्त आहेत. तुम्ही यादी बघतानी फक्त वस्तीची गावं बघितली असतील. परत बघा, शून्य लोकसंख्येचीही बघा.

टोचनकाशा

भूमि अभिलेखात नोकरी केली, आता निवृत्त. थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक थेट सातबाऱ्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. सातबारा हा नातू आहे. आजोबाला भेटायचं असेल तर मागे जा.

तुमचा भाग इंदापूरचा असेल तर नशीबवान आहात. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमिनीची नवी मोजणी सुरू केली ती इंदापुरातच, १८३५-३६ च्या सुमारास. त्याआधी प्रिंगलची मोजणी होऊन फसली होती. आकारणी इतकी जड बसली की लोक जमिनी टाकून गेले. म्हणजे तुमच्या भागात गावं ओस पडायचं एक कारण खुद्द सरकारी मोजणीही आहे, सगळा दोष घोडेस्वारांवर नको.

ओस गावाचं मोजणीत दोनपैकी एक व्हायचं. एकतर ते मौजे म्हणून वेगळं राहायचं (रिठीकर म्हणतात तसं), किंवा शेजारच्या गावात मिळवून टाकायचे. दुसरा प्रकार झाला असेल तर नाव यादीतून गेलं. मग नाव शोधायचं नाही, जमीन शोधायची. शेजारच्या चार-पाच गावांचे जुने गावनकाशे काढा. काही सर्व्हे नंबरांचा एक पुंजका एखाद्या ओढ्यापलीकडे वेगळाच पडलेला दिसतो का बघा. सगळे रस्ते, गाडीवाटा, शिवरस्ते एखाद्या मोकळ्या जागी येऊन मिळतात आणि तिथे काहीच नाही, असं दिसलं तर तिथे काहीतरी होतं. शेतकरी उगाच मोकळ्या माळाकडे पाच वाटा पाडत नाही.

मग मोजणीची जुनी रजिस्टरं, म्हणजे टिपण बुक, शेतवारपत्रक, वसलेवार, आणि पुढचे फेरफार काढा. त्यात शेताची नावं असतात. 'पांढरी', 'पांढरीचं', 'जुनं गावठाण', 'वेशीचं', 'चावडीमागचं' असं रानात कुठे आलं की थांबा. गाव म्हणजे काळी आणि पांढरी. काळी पिकवायची, पांढरीवर राहायचं. शेकडो वर्षं चुलीची राख, शेण, भिंतींची माती पडून पडून पांढरी तयार होते. गाव उठलं तरी मातीचा रंग उठत नाही. पांढरी माती खत म्हणून उचलून नेतात, त्यामुळे बऱ्याच पांढऱ्या आता सपाट झाल्यात. इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून ताम्रपाषाण काळची वस्ती खणली तेही असंच घोड नदीकाठचं टेकाड. तुमचं एवढं जुनं निघायचं नाही, पण तत्त्व तेच.

सरकारच्या 'आपले अभिलेख'वर स्कॅन केलेलं बरंच आहे. नसेल तिथे तालुक्याला अर्ज करून नक्कल घ्या. एका कार्यालयात मला स्वतःला, तिथे आयुष्य काढलेल्या माणसाला, 'असं रजिस्टर नसतंच' असं ऐकवलंय. रजिस्टर कपाटाखाली होतं. त्यामुळे नाही म्हटलं की परत जायचं.

ओढ्यापलीकडे

टोचनकाशाकाका, दंडवत घ्या. अर्ज टाकला आहे.

मोडीवाली ताई, वरच्या बंदाचे फोटो टाकतोय. एक शब्द मला देवनागरीसारखा वाटला, 'समान'. काहीतरी 'समान हक्क' वगैरे असेल का?

मोडीवाली

नाही हो! :) 'समान' म्हणजे आठ. तुमच्या कागदावर 'समान मयातैन व अलफ' आहे. हा सुहूर सन, अरबी आकडे शब्दांत: समान आठ, मयातैन दोनशे, अलफ हजार. १२०८. त्यात ५९९ मिळवले की १८०७, आणि हे वर्ष मृगापासून मृगापर्यंत चालतं म्हणून १८०७-०८. दुसऱ्या बाजीरावाचा काळ.

कागद आहे निम्म्या पाटीलकीचं खरेदीखत. विकणारा मूळ मोकदम, म्हणजे पाटील, घेणारा तुमचा पूर्वज. पाटीलकी ज्या गावची, त्याच्यापुढे लिहिलंय की 'सालमजकुरी', म्हणजे चालू साली, गाव बेचिराग आहे आणि 'सलास मयातैनापासून' ओस पडलं. सलास तीन, म्हणजे १२०३, म्हणजे १८०२-०३. पेंढाऱ्यांच्या मोठ्या धाडी त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. आजोबांचे पेंढारी वेळेवर पोचत नाहीत.

नावाबद्दल एक सावधगिरी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं आणि अनुस्वार लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. 'पिंपळगाव' 'पिपळगाव' असं येणार. इंग्रजी नकाशावर तर कारकुनाच्या कानाला ऐकू आलं ते, वडगावचं 'वारगाम' तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा तुमच्या नावाची पाच-सहा रूपं लिहून काढा आणि सगळी शोधा.

तळेगावचा तात्या

१८०२ म्हणजे यशवंतराव होळकर. २५ ऑक्टोबर १८०२, हडपसरची लढाई. त्यांच्या फौजेने मुलूख लुटला आणि १८०३-०४ चा दुष्काळ पडला. सरळ हिशोब आहे, गाव होळकरांनी घालवलं.

भीमथडीचं तट्टू

तात्या, नेहमीप्रमाणे अर्धं सांगितलंत. पेशव्यांनी विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं ते कोण सांगणार? आणि शिंद्यांची फौज काय गावात फुलं वाटत होती? ज्या फौजेला पगार नाही ती वाटेतल्या गावावरच जगते, झेंडा कोणाचाही असो.

तळेगावचा तात्या

मी कोणाला बदनाम करत नाही. पुणे प्रांताचं नुकसान नोंदलेलं आहे, एवढंच.

मोडीवाली

दोघांनाही विनंती, वेगळा धागा काढा. कागदात कोणत्याही फौजेचं नाव नाही. त्यात आहे ते असं: 'रयत परागंदा जाहली'. मारली नाही, परागंदा झाली. पुढे वाचते तशी टाकते.

गंगथडी

मराठवाड्याची भर घालतो. आमच्याकडे हा सगळा शोध उर्दूतून जातो. निजामाच्या काळचे कागद फसली या महसुली सनाचे, त्यात ५९० मिळवायचे. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे शेतांची नोंद, हे आमचं पहिलं भरवशाचं स्टेशन. २०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधमोहीम सुरू झाली, शिंदे समिती नेमली, तेव्हा एकदम मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना मागणी आली. आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर तेव्हा आठवडाभर तहसिलात बसून होते. त्या गठ्ठ्यांत जात शोधताना गावंही सापडली, पण गावं कोणाला हवी होती? नमुना नंबर १४, म्हणजे कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदीत वाडीचं नाव येतं. ओळीने मृत्यूच मृत्यू आणि मग दोन वर्षं त्या वाडीचं नावच नाही, असं पान मी बघितलंय. प्लेगची वर्षं होती. लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिले आणि त्यातले काही परत गेलेच नाहीत. आज ती 'वाडी' आहे आणि मूळ गाव टेकाड आहे.

सांगेकार

गोव्यातून नमस्कार. आमचं हरवलेलं गाव दर वर्षी परत येतं. सांगे तालुक्यातलं कुर्डी साळावली धरणाखाली गेलं, मे महिन्यात पाणी उतरलं की जोती, वाटा, देवळाची जागा वर येते आणि जुनी माणसं तिथे जमतात. मोगूबाई कुर्डीकर त्या गावच्या. म्हणजे तुमच्यासारखंच, आडनाव कोरडं आणि गाव पाण्यात.

पळसदेवची लेक

इंदापूरचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमचं गाव उजनीत गेलं. दुष्काळाच्या साली पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं तेव्हा पेपरात फोटो येतात, लोक सेल्फी काढतात. आमच्या आईला ते बघवत नाही. कागद मात्र आमच्याकडे सगळे आहेत. संपादनाचे निवाडे, कोणाची किती झाडं, कोणाच्या घराची किती खणं. दोनशे वर्षांनी कोणी शोधलं तर आमचं गाव आंब्याच्या झाडांसकट सापडेल. माणसं कुठे कुठे गेली ते नाही सापडायचं.

वहीखाते

माणसं शोधायला दोन जागा. नाशिक-त्र्यंबकचे क्षेत्रोपाध्ये: त्यांच्या वह्या गाव आणि आडनावावर लावलेल्या असतात. तुमच्या घरातला कोणी अस्थी घेऊन गेला असेल तर त्याने स्वतःच्या तोंडाने 'मूळ गाव अमुक, हल्ली राहणार तमुक' लिहवून ठेवलं असणार. मला तिथे माझ्या खापरपणजोबांची सही मिळाली. (दक्षिणा ठरवूनच वही उघडा, हे अवांतर.)

दुसरे हेळवी. सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडे येतात, बैलावर बसून येत असत, आता मोटारसायकलवर येतात. घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतात. आमच्याकडे येणाऱ्याचा मुलगा आता कंपनीत लागला. वही घरात आहे, पण म्हणणारा नाही.

येसकर

बराच वेळ नुसता वाचत होतो.

ओढ्यापलीकडे, तुम्ही कागद शोधताय, नकाशे शोधताय, चांगलं आहे. तुमच्या आसपासच्या गावातल्या बुद्धवस्तीत विचारलंत का? शिवेचा तंटा झाला की पेशवाईतसुद्धा महाराची साक्ष घेत. शीव पाठ असणं हे त्याचं कामच होतं. गाव ओस पडलं तरी त्या गावच्या महाराचा हाडोळा, म्हणजे त्याच्या वतनाची जमीन, तिथेच राहायचा. १९५८ च्या कायद्याने वतन गेलं, जमिनी नव्या शर्तीने रीग्रँट झाल्या, म्हणजे परत दिल्या गेल्या, काहींच्या झाल्या नाहीत. पण शेताला 'हाडोळा' हे नाव आजही आहे. कुठे हाडकी म्हणतात. फेरफारात तो शब्द शोधा.

आमच्या आजीला एका ओस गावाच्या मरीआईची जागा ठाऊक होती. १९५६ च्या धर्मांतरानंतर आमच्या घरात नैवेद्य बंद झाला. जागा कशी विसरणार? त्या गावचे पाटील कुठल्या कुठे गेले, त्यांना आता ते गाव नकाशावर शोधावं लागतं. आम्ही शेजारच्या गावात आलो आणि तिथून ते टेकाड रोज दिसत होतं.

ओढ्यापलीकडे

नाही विचारलं. सुचलंच नाही, हे खरं.

टोचनकाशा

येसकर साहेबांचा मुद्दा शंभर टक्के. हाडोळ्याच्या नंबरावरून मी नोकरीत एक वादाची शीव लावली होती.

मोडीवाली

मधले बंद लागले एकदाचे. सारांश देते.

मूळ मोकदम म्हणतो की गाव ओस पडलं, सरकारचा आणि सावकाराचा तगादा लागला, पोराबाळांना खायला नाही, म्हणून निम्मी पाटीलकी विकतो. तुमच्या पूर्वजाने नुसती पाटीलकी नाही घेतली, गाव पुन्हा वसवायचा कौल, म्हणजे सरकारचं अभयपत्रही मिळवायचं ठरवलंय. त्यात 'इस्तावा' शब्द आहे: पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दर वर्षी थोडा चढवत पाच-सात वर्षांत पुऱ्या आकाराला आणायचा. पडीक गाव लावणीला आणायची ती नेहमीची रीत. 'गतकुळ' जमिनी, म्हणजे ज्यांची कुळं परागंदा किंवा नष्ट झाली त्या, नव्या रयतेला द्यायच्या.

सांगायला वाईट वाटतं, पण ओढ्यापलीकडे, तुम्ही त्या गावचे मूळचे नाही. तुमचा पूर्वज दुसरीकडून आलेला, रिकामं गाव विकत घेणारा माणूस. तो तिथे कधी राहिला की नाही हेसुद्धा या कागदावरून कळत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात प्रांत अजमास किंवा जमाव या रुमालांत (कागदांच्या गठ्ठ्यांत) त्या तर्फेचे, म्हणजे परगण्याच्या त्या पोटभागाचे, कागद बघा. थळझाडा, म्हणजे जमिनींची थळवार यादी, मिळाला तर सोनं. त्यात थळं मूळ कुळांच्या नावाने असतात, कूळ जाऊन शंभर वर्षं झाली तरी.

मागच्या बाजूचा फोटो अजून आलेला नाही.

गुळाचा चहा

म्हणजे रिकाम्या गावात प्लॉट बुक केला, बिल्डरने ताबा दिला नाही आणि आडनाव मात्र सोसायटीचं लावलं. पुणेकरच तुम्ही.

ओढ्यापलीकडे

चहावाले, घरी वाचून दाखवलं, वडील पहिल्यांदा हसले. मग गप्प झाले.

तीन आठवड्यांनी लिहितोय. पुण्याला दफ्तरात चार दिवस बसलो, थळझाडा काही मिळाला नाही. पण तालुक्याहून नकला आल्या. टोचनकाशाकाका म्हणाले तसाच पुंजका निघाला. शेजारच्या गावात शेवटचे बावीस नंबर, ओढ्यापलीकडे. (माझं टोपणनाव मी लहानपणी आजीच्या एका वाक्यावरून घेतलं होतं. 'आपलं सगळं ओढ्यापलीकडे,' असं ती म्हणायची. मला ती बोलायची पद्धत वाटायची.) त्या बाविसांत एकाचं नाव 'पांढरीचा तुकडा' आणि एकाचं 'हाडोळा'.

रविवारी गेलो. आधी बुद्धवस्तीत गेलो. एक आजी होत्या, नव्वदीच्या आत-बाहेर. मी गावाचं नाव घेतलं तर त्यांनी ते दुरुस्त केलं! आमच्या पत्रिकेत छापतात त्यात एक अनुस्वार जास्त आहे. नातवाला बरोबर दिलं. टेकाड आता उसात आहे, जेमतेम गुडघाभर उंच. खापरं खूप, एक जातं फुटलेलं, बांधाला एक वीरगळ आडवी टाकलेली, तिच्यावर पंपाचा पाइप. मालक भला माणूस, म्हणाला, 'पाणी चांगलं धरतं हे रान, पण उन्हाळ्यात वेगळंच पांढरं दिसतं.'

आता खरी गंमत. शेजारच्या गावात मारुती दोन आहेत. एक वेशीतला, एक देवळाच्या मागे छोट्या घुमटीत. दुसऱ्याला 'वरचा' म्हणतात. कुठल्या वरचा, ते गुरवांना माहीत नव्हतं. सातबारा काढला. पांढरीला लागून एक एकर काही गुंठे, देवस्थान इनाम वर्ग ३, 'मारुती दिवाबत्ती'. गुरवांच्या घरात त्याच जमिनीवर ती दिवाबत्ती आजवर चालू आहे. आम्ही गेलो तेव्हा संध्याकाळ झाली होती, त्यांच्या सूनबाई पणती लावून गेल्या.

मोडीवाली

बेचिराग!

टोचनकाशा

नक्कल प्रमाणित करून ठेवा, देवस्थान जमिनीवर आजकाल डोळा असतो लोकांचा. गुरवांनाही एक प्रत द्या.

रिठीकर

वीरगळ पाइपाखालून काढा राजेहो.

ओढ्यापलीकडे

काढली. मालकांनीच उभी करून दिली. आणि ताई, हा घ्या मागच्या बाजूचा फोटो, उशीर झाला.

मोडीवाली

हेच हवं होतं. गोही आहेत, साक्षीदार. बहुतेकांपुढे 'हल्ली वस्ती' म्हणून शेजारच्या गावाचं नाव. गाव ओस होऊन पाच वर्षं झालीत आणि तरी ही माणसं स्वतःला त्याच गावची म्हणवून साक्षीला आलीत. मोकदमाची निशाणी नांगर, चांगला ठसठशीत काढलाय. खाली कुलकर्णी, चौगुला, सुतार, लोहार, गुरव. शेवटची ओळ महाराची. त्याच्या नावाची पहिली अक्षरं वाळवीने खाल्ली आहेत, '…नाक महार' एवढंच राहिलंय.

येसकर

'नाक' पुरे, आमच्या जुन्या नावांचा तो शेवट. आजीबाईंना दाखवतो का म्हणून विचारा, नाहीतर मी येतो रविवारी.